इंग्रजीच्या तासाला मराठी-कन्नड बंद करू नका, कामाला लावा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं पोरगं पहिलीला येतं तेव्हा घरात मराठी, बसमध्ये आणि बाजारात कन्नड कानावर पडलेलं असतंय, आणि इंग्रजी म्हणाल तर चार्जर, रिचार्ज, ट्रॅक्टर, कुकर, स्टँड. मराठी शाळेत मग तिन्ही भाषा एकदम डोक्यावर येतात. कर्नाटकात सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००७ ला आलं, तरी अजून बरेच जण वर्गात शिरल्या शिरल्या "ओन्ली इंग्लिश" म्हणतात आणि पोरांची तोंडं शिवली जातात. मी पण सुरुवातीची काही वर्षं तेच केलं. आता जे करते ते सांगते, सीमाभागातल्या कुठल्याही शाळेत चालेल, खर्च काही नाही.

पहिलं म्हणजे वाक्याची रचना. आपली पोरं "आय राईस ईट" म्हणतात तेव्हा ती चुकत नसतात हो, ती मराठीच्या रस्त्यानं चाललेली असतात. तीन पोरांना पुढं बोलवा, जुन्या कॅलेंडरच्या मागं मोठ्या अक्षरात शब्द लिहून एकेकाच्या हातात द्या, मी, भात, खातो. वर्गानं वाचायचं. मग कागद उलटे करा, मागं कन्नड, नानु, अन्न, तिन्नुत्तेने. पोरं जागची हलत नाहीत! हे त्यांनाच बघू द्या, तुम्ही सांगू नका. मग इंग्रजीचे कागद द्या आणि विचारा आता कोण कुठं उभा राहणार. भातवाला आणि खातोवाला जागा बदलतात, वर्गात दंगा होतो, होऊ दे. सहावीतला एक जण ओरडला, "बाई, क्रियापद मधी घुसालंय की!" व्याकरणाचा तो नियम मला पुन्हा शिकवावा लागला नाही. असंच "टेबलावर" चं करा, मराठीत "वर" शेवटी चिकटतं, कन्नडमध्ये "मेले" पण मागंच येतं, इंग्रजीत मात्र "ऑन" आधी उभं. पोरांना दोन भाषा येतात ही अडचण नाही, तुलना करायला आयतं सामान आहे.

उच्चारात फार वेळ घालवू नका, पण एक गोष्ट आरशासमोर करून घ्या. पश्चिम दिशा पण वेस्ट आणि बनियन पण वेस्ट, आपल्या लिपीत दोन्ही सारखंच दिसतं म्हणून तोंडातही सारखंच येतं. दिशेला ओठ गोल, बनियनला वरचे दात खालच्या ओठावर. पाच मिनिटं पुरतात.

आता गप्प बसणाऱ्या पोरांचं. यावर मला जरा जास्त लिहायचंय कारण इथंच आपण घाई करतो. नवीन भाषेत पोरगं आधी ऐकत राहतं, कधी कधी महिनोन् महिने, आणि आपण त्याला "याला काही येत नाही" म्हणून मागच्या बेंचवर टाकतो. माझ्याकडं पाचवीत एक पोरगी होती, जूनपासून इंग्रजीच्या तासाला एक शब्द नाही. तिला मी फक्त करायला लावायचे, स्टँड अप, ओपन द डोअर, गिव्ह मी द चॉक, ती बरोबर करायची म्हणजे कळत होतं. एकदा दुपारी कौलांवर धो धो सर आली आणि ती खिडकीतनं बघत म्हणाली, "टीचर, रेन कमिंग." मी चूक काढली नाही, "येस, इट्स रेनिंग! क्लोज द विंडो" एवढंच म्हटलं. ती खिडकी लावता लावता स्वतःशीच पुटपुटली, "इट्स रेनिंग." असंच करायचं, बरोबर वाक्य आपण परत म्हणायचं आणि पुढं जायचं. आणि प्रश्न विचारला की थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजून बघितलं तर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते, तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आली, जास्त पोरं बोलली. तिसऱ्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या पोराला तर मी पाच देते, मनात आकडे मोजते. आधी शेजाऱ्याशी मराठीत बोलून घे आणि मग इंग्रजीत सांग, असं म्हटलं की लाजणारी पण हात वर करतात.

वाचनाला पुस्तकाशिवाय पण साहित्य लागतं, ते घरातनं मागवा. युरियाच्या पोत्यावर नेट वेट ४५ किलो, बिस्किटाच्या पुड्यावर तारीख आणि किंमत, साबणाचं वेष्टन. रोप लावणीच्या दिवसांत मी फळ्यावर पोरांचंच लिहून घेते, ती मराठीत सांगतात, आम्ही मिळून इंग्रजी करतो, मग तोच धडा म्हणून वाचतो. "बाई, तरव्याला काय म्हणायचं?" सीडलिंग. हा शब्द विसरत नाहीत, कारण तो तरवा त्यांनी सकाळीच उपटलेला असतो.

एक सावध करते. जिम कमिन्स या कॅनडातल्या संशोधकांनी मांडलंय की बोलण्यापुरती भाषा वर्ष-दोन वर्षांत येते पण अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात वर्षं लागू शकतात. ते लिहिलं तिथल्या स्थलांतरित मुलांवरनं, तिथं शाळेबाहेरही इंग्रजीच, आपल्याकडं तर तेवढंही नाही. आपली पोरं दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतात आणि अचानक सगळं इंग्रजीत, तिथं गडबडतात. म्हणून कम्पेअर, एक्सप्लेन, गिव्ह रीझन्स असले शब्द सहावीपासून रोज वापरा, अर्धं वाक्य फळ्यावर द्या, "आय थिंक... बिकॉज..." आणि उरलेलं त्यांना भरू द्या.

आता आपल्या स्वतःच्या शिकण्याचं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय. मी एका ट्रेनिंगला तीन दिवस बसले, कृतीतून शिकवा यावर स्लाईड वाचून दाखवल्या आणि आम्हाला एकदा पण उभं केलं नाही, वाईट वाटलं, वर्ग सोडून आलो होतो आम्ही. पण सगळं तसं नसतं. बेंगळुरूची दक्षिण भारत प्रादेशिक इंग्रजी संस्था १९६३ पासून इंग्रजीच्या शिक्षकांनाच शिकवते, डायटमार्फत, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेमार्फत, नाव जात असेल तर लांब आहे म्हणून नाही म्हणू नका. सरकारच्या दीक्षा ॲपवरचे शिक्षकांचे कोर्स करताना दर भागानंतर एक गोष्ट दुसऱ्या दिवशी वर्गात करून बघा, नाहीतर सर्टिफिकेट तेवढं हातात राहतं.

आणि सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शेजारच्या शाळेतल्या बाईंचा. शनिवारी सकाळची शाळा असते, हेडमास्तरांना विचारून महिन्यातनं एकदा मी त्यांच्या तासाला मागं बसते, एकदा त्या माझ्या. मार्क द्यायचे नाहीत, सल्ला द्यायचा नाही, एकच गोष्ट मोजायची, पोरं किती मिनिटं बोलली आणि बाई किती. कुणी जोडीला नसेल तर मोबाईल टेबलावर रेकॉर्डिंगला ठेवा आणि संध्याकाळी ऐका. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये चाळीस मिनिटांत पोरांचा आवाज सहा मिनिटं होता, त्यातली निम्मी "येस टीचर". परवाच्यात सतरा झालीत.