‘हो मॅडम’ म्हणत थेरपी सोडण्याआधी

थेरपिस्टशी नातं चांगलं म्हणजे गोड बोलणं नव्हे. जे पटलं नाही, लागलं, जमलं नाही ते तोंडावर सांगता येतं का, यावर ते ठरतं. आपल्याकडे हेच अवघड जातं. समोर सर किंवा मॅडम बसल्या की आपण मान डोलावतो आणि दोन सेशननंतर फोन उचलणं बंद करतो.

सुरुवात गोपनीयतेपासून करा. कोल्हापुरात मंगळवार पेठेतला माणूस राजारामपुरीत सेशनला गेला, तरी थेरपिस्ट पै-पाहुण्यांच्या ओळखीतली निघू शकते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: ‘महाद्वार रोडला समोरासमोर आलो तर ओळख दाखवाल का? घरच्यांनी फोन करून चौकशी केली तर काय सांगाल?’ मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. ते कोणते, हे स्पष्ट करून घ्या. नातेवाईक किंवा जवळचा स्नेही असलेला थेरपिस्ट मात्र टाळाच. जबाबदार थेरपिस्ट अशा वेळी स्वतःच दुसऱ्याकडे पाठवतो.

एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये या नात्याचे तीन भाग सांगितले: ध्येयावर एकमत, ते गाठण्याच्या कामावर एकमत आणि आपुलकी-विश्वास. आपण तिसऱ्यावरच अडतो, ‘स्वभावाने चांगल्या आहेत’ म्हणतो. गाडी बिघडते ती बहुधा पहिल्या दोनांत. ‘टेन्शन कमी व्हावं’ हे ध्येय फार मोघम आहे. ‘आठवड्यातून चार दिवस दुकान वेळेवर उघडता यावं’ असं काही ठरवा, म्हणजे फरक पडतोय की नाही ते दोघांनाही दिसेल. घरी करायला दिलेलं काम कशासाठी आहे, हेही तिथल्या तिथे विचारा. कशासाठी लिहायचं तेच कळलं नाही तर वही कोरीच राहते, मग आपण खोटं सांगतो, आणि थेरपिस्ट त्या खोट्यावर पुढचं सेशन आखतो.

नातं ताणलं गेल्याच्या खुणा ओळखा. सेशन रद्द झालं की सुटल्यासारखं वाटतं, मुद्द्याचं सोडून इतर गप्पांत वेळ जातो, रिक्षात बसल्यावर खरं बोलणं सुचतं. असं झालं तर पुढच्या सेशनच्या पहिल्या दहा मिनिटांत बोला. उठता उठता सांगितलेलं अर्धवट राहतं. वाक्य साधं ठेवा: ‘मागच्या वेळी सासूबाईंना समजून घ्या म्हणालात, ते मला लागलं. माझं म्हणणं ऐकलंच नाही असं वाटलं.’ अस्सल कोल्हापुरी बोलीत सांगितलं तरी चालतं. पुस्तकी भाषा शोधत बसलात तर धार जाते. उत्तराकडे नीट लक्ष द्या. चांगला थेरपिस्ट नेमकं काय लागलं ते विचारतो, आपला वाटा मान्य करतो, पद्धत बदलून पाहतो. ‘हा तुमच्या आजाराचाच भाग आहे’ म्हणून विषय मिटवत असेल, तर ती धोक्याची खूण.

बोलायला संकोच वाटत असेल तर कागद घ्या. सेशन संपल्यावर चार गोष्टींना प्रत्येकी 10 पैकी गुण द्या: माझं ऐकलं गेलं का, मला हव्या त्या विषयावर बोललो का, पद्धत पटली का, एकूण कसं वाटलं. याच प्रश्नांची एक मोजपट्टी थेरपिस्टही वापरतात. तिच्यात 40 पैकी 36 पेक्षा कमी आले तर बोलायला हवं असं धरतात. रेषा इतकी वर आहे, कारण बहुतेक लोक भिडेपोटी भरभरून गुण देतात.

अस्वस्थ वाटणं म्हणजे नातं बिघडलं असं नाही. भीतीवरच्या उपचारात भीतीला सामोरं जावंच लागतं, ते सुखाचं नसतं. तीन-चार सेशन होऊन, स्पष्ट बोलूनही काही बदललं नाही तर थेरपिस्ट बदला. शारीरिक लगट, उसने पैसे किंवा घरच्यांना परस्पर माहिती देणं यांपैकी काहीही घडलं तर तेवढी वाट पाहूच नका, लगेच बदला.

थेरपिस्ट बदलला तरी मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका. मधल्या काळात त्रास वाढला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र कधीही बोलता येतं. आधीच्या थेरपिस्टकडून आतापर्यंतच्या कामाची छोटी लेखी नोंद मागून घ्या. नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.