जुन्या एमजीबीचा गिअरबॉक्स बदलताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त फसवणारा आकडा पाचव्या गिअरचा. चार गिअरची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मागे ३.९०९ चा डिफरन्शियल (मागची चाकं फिरवणारा गिअर-संच), ताशी ८० किलोमीटरला सुमारे २,७५० आरपीएम घेते. म्हणून मालक फोर्ड सिएराचा टाइप ९ हा पाच गिअरचा बॉक्स शोधू लागतो. त्याचा पाचवा ०.८२ (म्हणजे बॉक्समधून निघणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे इतके फेरे), त्याच वेगाला २,२५०. इंजिन शांत होतं, हे खरं. पण गोव्यात असा मोकळा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंद टप्प्यांवर किंवा झुआरीच्या नव्या पुलावर मिळतो. म्हापशाच्या बाजारात आणि घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्यावरच चालते.

म्हणून आधी दुसरा गिअर बघा. १९६७ नंतरच्या एमजीबीच्या बॉक्समध्ये पहिला ३.४४ आणि दुसरा २.१६७. सिएराच्या चार सिलिंडरच्या बॉक्समध्ये ३.६५ आणि १.९७. चोर्ला घाटाच्या वळणावर वेग २५ वर आला की मूळ बॉक्स दुसऱ्यात १,८५० च्या आसपास राहतो, सिएराचा १,७०० वर येतो. एमजीबीच्या १,७९८ सीसी इंजिनाचा कमाल टॉर्क ३,००० ला आहे. इंजिन गुदमरायला लागतं, पहिला टाकावा तर ते एकदम ३,१०० च्या वर जातं. मधला गिअरच नाही. टाइप ९ साठी पहिला आणि दुसरा जवळ आणणारे दात-सेट मिळतात. तो खर्च धरूनच सौदा करा. आणि बॉक्स व्ही६ सिएराचा तर नाही ना, हे आधी विचारा. त्याचा दुसरा १.८१, म्हणजे घाटात आणखी जड.

पाच गिअर बसवून वर ३.०७ चा डिफरन्शियल टाकणं तर टाळाच. तो व्ही८ गाडीसाठी होता. साध्या इंजिनाला चढावर गाडी उचलताना क्लच घासावा लागतो आणि प्लेट लवकर जाते.

माझं स्पष्ट मत: गोव्यासाठी मूळ चार गिअर आणि लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह (चौथ्याच्या वर आणखी एक हलका गिअर देणारं जोडयंत्र). खालचे आकडे तसेच राहतात आणि वर ०.८२ मिळतो. मात्र १९६२ ते ६७ च्या गाडीत, जिथे पहिल्या गिअरला सिंक्रो (दात न करकरता गिअर पडू देणारी रचना) नाही, नंतरचा बॉक्स सरळ बसत नाही; तिचा बोगदा (गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा) अरुंद आहे. तो कापण्यापूर्वी थांबा. पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार चॅसी किंवा बॉडी शेलमध्ये बदल चालत नाही, आणि एमजीबीत शेल हीच चॅसी.

जुना बॉक्स घेताना तेल काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. आपल्या पावसाळ्यात शेडमध्ये पडून राहिलेल्या बॉक्सच्या बेअरिंगवर गंज असतोच, असं धरून चाला. पितळेचे चमकते कण दिसले तर सिंक्रो रिंग झिजल्या.

एमजीबीच्या मूळ बॉक्सला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल लागतं. जीएल-५ हे गिअर ऑइल घालू नका, पितळेला ते त्रास देतं.

बसवल्यावर रिव्हर्स टाकताना दात करकरले, तर लगेच बॉक्स उतरवू नका. आधी क्लचच्या हायड्रॉलिकमधली हवा काढा, मग पायलट बुश (इंजिनाच्या टोकाशी गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं बुश) तपासा. ठरावीक वेगालाच गाडी थरथरत असेल तर प्रॉपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागे डिफरन्शियलकडे जाणाऱ्या दांड्याची) लांबी आणि कोन मोजा.