कर्सियांगचा बाजार फळीवर

१८८१ साली दार्जिलिंगला पोहोचलेली छोटी रेल्वे वाटेतल्या कर्सियांगला चक्क बाजारातून जाते. तिचं मॉडेल करायचं तर आधी टेप काढा. १:७६ मापात, म्हणजे खऱ्याच्या ७६ पट लहान मॉडेलमध्ये, शंभर मीटर रस्ता १३२ सेंटिमीटर फळी खातो, म्हणजे निम्मी दुकानं गाळावीच लागतात. पण वर जाणारी गाडी स्टेशनातून उलटी बाहेर येऊन चौक अडवते, ते मात्र गाळू नका. सगळी गंमत तिथेच आहे.

दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटरचं घ्या. खऱ्या रुळांमधल्या ६१० मिलिमीटरचे हिशोबाने ८ होतात, पण तेवढा फरक माझ्या तरी डोळ्याला खुपत नाही.

पहिल्यांदा मी रूळ चिकटवून मग दुकानं मांडली. वळणावर डब्याचा कोपरा थेट ओट्यात घुसला! आता आधी पुठ्ठ्याची खोकी उभी करतो आणि सगळ्यात लांब डबा हाताने ढकलून बघतो.

रस्त्याचं प्लास्टर रुळाच्या माथ्यापेक्षा केसभर खालीच ठेवा. ओलं असतानाच त्यातून जुना डबा फिरवला की चाकांच्या कडांसाठी फट पडते. काट्यांजवळ, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, प्लास्टर नकोच, तिथे रंगवलेला कागद पुरतो.