पीए व्हायचंय? मग तासांची वही आजच घाला

इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत दरवर्षी कुणीतरी गाठतंच. "ताई, लेकीला पीएला घालायचंय. मार्क उत्तम आहेत, बाकीचं शेवटच्या वर्षी बघू." बाकीचं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. आजी-आजोबांना समजावताना 'कंपाउंडरसारखं' म्हणू नका, पीए रुग्ण तपासतो, निदान करतो, औषध लिहून देतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९६५ मध्ये पहिला वर्ग भरला तो नौदलातल्या चार माजी कोअरमनचा, म्हणजे वैद्यकीय मदतनिसांचा. रुग्णसेवा त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. प्रवेश समित्या आजही तशीच माणसं शोधतात.

पीएच्या आधीच्या पदवीला विषय कुठलाही घ्या, मेजर म्हणजे मुख्य विषय इतिहास असला तरी चालतं. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी हे बहुतेक सगळीकडे लागतात, विज्ञानाचे लॅबसकट. पीए शिकवणारे दहा प्रोग्रॅम निवडा आणि कुणाला काय हवं याचा तक्ता करा. बायोकेमिस्ट्री कुणाला हवी असते, कुणाला नको. जुने कोर्स किती वर्षांपर्यंत ग्राह्य धरतात हेही बघा. भारतातली पदवी असेल तर तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि तरीही बरेच प्रोग्रॅम हे कोर्स अमेरिकेतच करायला लावतात.

जीपीए, म्हणजे ग्रेडच्या सरासरीबद्दल एकच सांगते. अर्ज कॅस्पा नावाच्या सामाईक पोर्टलवरून जातो आणि कॅस्पा स्वतःची बेरीज करतं. केमिस्ट्रीत सी (२.०) आला, पुन्हा बसून ए (४.०) मिळवला, की कॉलेज जुना ग्रेड पुसून ४.० दाखवेल. कॅस्पा दोन्ही धरतं, म्हणजे सरासरी ३.०. "परत देऊ की" या भरवशावर राहू नका. कोर्स झेपत नसेल तर मुदतीत सोडा.

आता तास. माझं घोडं इथेच पेंड खात होतं.

कॅस्पात दोन खाती आहेत, रुग्णसेवेचा अनुभव आणि आरोग्यक्षेत्राचा अनुभव. पहिल्यात तुमच्या हातून रुग्णाचं काहीतरी व्हावं लागतं: रक्तदाब घेणं, उठवणं-बसवणं, जखम धुणं. दुसऱ्यात बाकी सगळं. मी दोन वर्षं एका क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर आणि औषधांच्या काउंटरवर होते. अकराशे तास झाले, ते मी बिनधास्त पहिल्या खात्यात भरले. एका प्रोग्रॅमने कळवलं: रुग्णसेवा, शून्य तास. बोलण्यासारखं काही नव्हतंच, कारण त्या दोन वर्षांत मी एकाही रुग्णाला हात लावला नव्हता. एक अख्खं वर्ष गेलं.

मग सीएनए झाले, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. प्रशिक्षण केंद्रीय नियमानुसार किमान ७५ तासांचं, काही राज्यांत जास्त. नर्सिंग होमची रात्रपाळी मिळाली. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांना दंडाला धरून कुशीवर वळवायला गेले, तर सोबतच्या अनुभवी बाईंनी माझा हात बाजूला केला. खालची चादर धरून वळवायचं, कातडीला ओढ बसता कामा नये. तेवढ्यात टाचेवर लाल डाग दिसला. त्यांनी बोटाने दाबायला लावला. रंग पांढरा पडला नाही, म्हणजे बेडसोअरची सुरुवात. नर्सला बोलावलं. पुढे मुलाखतीत मी हेच सांगितलं, आणि समोरच्या बाईंनी टिपणं काढायचं थांबवून वर बघितलं.

म्हणून माझं मत ठाम आहे: सीएनए, ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा आपत्कालीन मदतनीस) किंवा मेडिकल असिस्टंट (क्लिनिकमधला डॉक्टरांचा मदतनीस), यातलं एक धरा. स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरांसाठी नोंदी लिहिण्याचं काम शिकायला छान, पण काही प्रोग्रॅम ते रुग्णसेवेत धरत नाहीत, आधी विचारा. आणि कृपा करून सुट्टीत पुण्याला मामांच्या दवाखान्यात तीन आठवडे बसून ते रुग्णसेवेत दाखवू नका. ते फार तर निरीक्षण. "मामांनी मला इंजेक्शनं द्यायला दिली" असं लिहिलंत तर संपलंच. प्रशिक्षण नसताना रुग्णाला सुई टोचली, हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून देताय.

किती तास? कुठे पाचशे, बऱ्याच ठिकाणी हजार, काही ठिकाणी दोन हजार. उन्हाळ्यात आठवड्याला ३६ तासांप्रमाणे १२ आठवडे केले की ४३२ होतात, तीन उन्हाळ्यांत १,२९६. म्हणजे पहिल्या वर्षीच प्रशिक्षण उरकायला हवं. शेवटच्या वर्षी सुरू केलंत तर पदवीनंतरचं एक वर्ष यातच जाणार. त्यात वाईट काही नाही, पण आईवडिलांना आधीच सांगून ठेवा.

वही घाला. तारीख, तास, काय केलं याची एक ओळ, सुपरवायझरचं नाव आणि फोन. दर रविवारी पाच मिनिटं. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. ज्यांच्या हाताखाली काम केलं ते नोकरी सोडून जातात, मग अर्जात कुणाचा नंबर देणार? आणि अजून न झालेले तास आधीच भरू नका.

एखाद्या पीएबरोबर काही दिवस शॅडोइंग करा, म्हणजे सोबत राहून त्यांचं काम नुसतं बघा. शिफारसपत्रांसाठी दोन महिने आधी विचारा. निबंधाला ५,००० अक्षरांची मर्यादा आहे, त्यात आजीचं आजारपण नको, तुमची टाच-चादर लिहा.

कॅस्पा एप्रिलच्या शेवटाकडे उघडतं. बरेच प्रोग्रॅम अर्ज येतील तसे वाचतात आणि जागा भरत जातात, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका पोचायला आणि पडताळणीला आठवडे लागतात. मी जूनमध्येच पाठवायला सांगते.