जिल्हा परिषदेचे मत ठरवताना

जिल्हा परिषद निवडणुकीत मत ठरवण्याआधी, दिलेले आश्वासन त्या पदाच्या हातात आहे का, हे सर्वप्रथम तपासावे. कापूस-सोयाबीनचा हमीभाव केंद्र सरकार जाहीर करते. त्यामुळे पारावरच्या सभेत कोणी भाववाढीचा शब्द दिला, तर त्याला गावच्या शाळेतील शिक्षकांची रिक्त पदे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधसाठा आणि पावसाळ्यात जिथे बैलबंडी रुतते त्या ग्रामीण रस्त्याबद्दल विचारावे, कारण उत्तरातील तपशिलावरूनच त्याची तयारी कळते.

पक्षांचा हिशेब वेगळा असतो. आरक्षणाची सोडत निघाली की गावनिहाय मागील मते, जातीची गणिते, उमेदवाराची खर्चाची ताकद आणि बंडखोरीचा धोका पाहून तिकीट दिले जाते. हे मनाला खटकते. तरीही ते ओळखून गावाने आपल्या मागण्या तिकीटवाटपापूर्वीच लेखी द्याव्यात, कारण तेव्हा पक्षांना गावाची गरज सर्वाधिक असते.

उमेदवाराचे शपथपत्र अवश्य वाचावे; त्यात मालमत्ता आणि गुन्हेगारी प्रकरणे नमूद असतात. मतदानाच्या दिवशी दोन मते द्यायची असतात, एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी आणि दुसरे पंचायत समितीच्या गणासाठी. दोन्हींचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा.