अमेरिकेतील काउंटीच्या मृत्यू नोंदी: घराण्याचा शोध घेणाऱ्या नवागतांसाठी

अमेरिकेत येऊन घर लागले आणि मुलांच्या शाळा सुरू झाल्या, की भारतातून एक काम हमखास येते. घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार असते, १९६५ चा नवा स्थलांतर कायदा झाल्यानंतर इकडे आलेल्या एखाद्या चुलत आजोबांच्या नावापुढची मृत्यूची तारीख कोरी असते, आणि "तू तिकडेच आहेस, जरा बघ ना" असा निरोप येतो. तिकडेच म्हणजे तीन हजारांहून अधिक काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे राज्याखालचा, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नेमके कुठे, हे निरोप पाठवणाऱ्यांना ठाऊक नसते आणि बहुधा आपल्यालाही नसते.

या देशात जन्म-मृत्यूचे एकच राष्ट्रीय कार्यालय नाही. नोंदी राज्ये ठेवतात आणि त्यांच्या खाली काउंट्या, शहरे किंवा गावे. मृत्यूची नोंद व्यक्ती जिथे राहत होती तिथे होत नाही, जिथे दफन किंवा दहन झाले तिथेही होत नाही. ती जिथे प्राण गेला तिथे होते. कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटला वीस-पंचवीस वर्षे राहिलेल्या गृहस्थांचे निधन स्टॅनफर्डच्या रुग्णालयात झाले असेल, तर अलामीडा काउंटीत अर्ज करून काही मिळणार नाही, कारण नोंद सांता क्लारा काउंटीत असेल. आनंदीबाई जोशींचे उदाहरण आपल्या सर्वांना माहीत आहे: त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातील पुकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूखंडात आहेत, परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या वारल्या पुण्यात, आणि म्हणून तिथे दगड सापडला तरी त्यांच्या मृत्यूची नोंद तिथे शोधण्यात अर्थ नाही. तेव्हा नातलगांना पहिला प्रश्न "कुठे राहत होते?" असा न विचारता "शेवटी कोणत्या रुग्णालयात होते?" असा विचारावा.

गाव कळले की काउंटी नकाशावरून कळते. कार्यालय मात्र राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात राज्यपातळीवरची नोंदणी जुलै १९०५ पासून आहे. अगदी अलीकडच्या नोंदी काउंटीच्या आरोग्य विभागाकडे असतात आणि जुन्या काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे काउंटीचे दस्तऐवज सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एप्रिल १९०६ पूर्वीच्या बहुतेक नोंदी भूकंपानंतरच्या आगीत गेल्या, पण आपल्या शोधात इतके मागे जाण्याची वेळ क्वचितच येते. मॅसॅच्युसेट्समध्ये काउंटीला विचारून उपयोग नाही, तिथे गावाचा किंवा शहराचा क्लार्क नोंद ठेवतो. एडिसनसारख्या मराठी वस्तीमुळे आपल्याला वारंवार लागणाऱ्या न्यू जर्सीतही स्थानिक निबंधक गावाचाच असतो. न्यूयॉर्क शहराची नोंदणी न्यूयॉर्क राज्यापासून वेगळी आहे, आणि या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कितीतरी अर्ज चुकीच्या दारात जाऊन पडतात. सीडीसी या केंद्रीय आरोग्यसंस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक राज्यासाठी कुठे अर्ज करायचा याची यादी आहे. सुरुवात तिथूनच करावी, कारण शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी पाने पुष्कळदा खाजगी मध्यस्थांची असतात. काही मध्यस्थ सरकारमान्य आहेत, तरी तेही स्वतःचे शुल्क वरून घेतातच.

अर्जापूर्वी सूची पाहावी. कॅलिफोर्नियाची १९४० ते १९९७ ची मृत्युसूची फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून पाहता येते, आणि तिच्यात जन्मतारीख, मृत्यूची तारीख, काउंटी आणि पुष्कळदा आईचे माहेरचे आडनावही असते. सोशल सिक्युरिटी या केंद्रीय निवृत्तिवेतन योजनेची मृत्युसूची सर्व राज्यांसाठी चालते, परंतु अलीकडच्या मृत्यूंची नावे तिच्यात तीन वर्षे उघड होत नाहीत. आपल्या लोकांची नावे या सूच्यांमध्ये सरळ सापडतील अशी अपेक्षा ठेवू नये. वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लागलेले असते, कधी तेच आडनावाच्या रकान्यात गेलेले असते, आणि 'देशपांडे' दोन तुकड्यांत लिहिलेले आढळते. वाघ, वैद्य, वाड यांच्या बाबतीत व्ही आणि डब्ल्यू ही दोन्ही आद्याक्षरे तपासावीत, कारण उच्चारावर आधारलेली साउंडेक्स पद्धत बाकीची स्पेलिंग सैल सोडते, पण पहिले अक्षर जसेच्या तसे धरते. तारखेचेही तसेच आहे. इथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, हे नवागतांच्या लवकर अंगवळणी पडते. पण कॅलिफोर्नियात रात्री नऊला मृत्यू झाला तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवसाची सकाळ होती, आणि घरी श्राद्धाची तिथी बहुधा त्या फोनच्या दिवसावरून धरली गेली, हे मात्र लक्षात येत नाही. म्हणून घरची तारीख घेऊन तिच्या मागचा आणि पुढचा दिवसही पाहावा.

अर्जाचा खरा पेच इथून पुढे आहे. वंशावळीच्या शोधासाठी जुन्या नोंदी खुल्या करण्याची मुदत टेक्सासमध्ये २५ वर्षे, इलिनॉयमध्ये २० वर्षे, तर न्यूयॉर्क राज्यात आणि पेनसिल्वेनियात ५० वर्षे आहे. आपली माणसे इथे मोठ्या संख्येने आली ती १९६५ नंतर, त्यामुळे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मृत्यूच्या नोंदी अजून या मुदतीच्या आत आहेत, आणि नाते सिद्ध केल्याशिवाय त्या मिळत नाहीत. मुलांना आणि जोडीदाराला हे सोपे जाते. नातवाला मात्र स्वतःच्या जन्मदाखल्यापासून आई-वडिलांच्या दाखल्यापर्यंत साखळी जोडावी लागते, आणि आईचे सासरचे व माहेरचे नाव वेगळे असल्याने मध्ये विवाहाचा दाखलाही लागतो. भारतातील जुन्या पिढीकडे जन्मदाखला नसेल, तर शाळा सोडल्याचा दाखला चालेल का, हे त्या कार्यालयाला आधी लेखी विचारून घ्यावे.

कॅलिफोर्नियाने यातून एक वाट ठेवली आहे. तिथे दोन प्रकारच्या प्रती मिळतात: जवळच्या नातलगांना आणि कायद्याने पात्र ठरलेल्यांना मिळणारी अधिकृत प्रत, आणि कोणालाही मिळणारी माहितीपुरती प्रत, जिच्यावर ती ओळख सिद्ध करण्यासाठी वैध नाही असा शिक्का असतो. अधिकृत प्रत टपालाने मागवायची असेल, तर शपथपत्रावर नोटरीची सही लागते. कुलवृत्तांतासाठी दुसरी प्रत पूर्णपणे पुरते, आणि तिच्यावर काम भागत असताना नोटरीकडे खेटे घालण्याचे कारण नाही. गावाकडच्या सातबारावर वारस नोंद लावायची असेल तर गोष्ट वेगळी: तिथे अधिकृत प्रत हवी, आणि ती ज्या राज्याने दिली त्याच राज्याच्या नेमलेल्या कार्यालयाकडून (बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या) तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेले प्रमाणीकरण, घ्यावे लागेल.

अर्जात पासपोर्टवरचे पूर्ण नाव, त्याखाली संभाव्य वेगळ्या स्पेलिंग, मृत्यूचे शहर, वर्षांची कक्षा, आई-वडिलांची नावे आणि मागणीचे कारण लिहावे. नेमकी तारीख माहीत नसताना अंदाजाने एक तारीख ठोकून देण्यापेक्षा "१९८४ ते १९८६" असे लिहिणे चांगले, मात्र काही कार्यालये प्रत्येक वाढीव वर्षाच्या शोधासाठी जादा फी घेतात. फीचे आकडे बदलत असतात. पाठवण्याच्या दिवशी कार्यालयाच्या पानावर पाहावेत.

दाखला हातात आल्यावर आधी माहिती देणाऱ्याचा रकाना पाहावा. मृत्यूचे कारण डॉक्टर किंवा कॉरोनर (अचानक वा संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लिहितात, पण आई-वडिलांची नावे आणि जन्मगाव हे त्या प्रसंगी जो कोणी हजर होता त्याने सांगितलेले असते. ते शेजारी किंवा रूममेट असतील, तर आजोबांचे जन्मगाव सरसकट 'बॉम्बे' झालेले असण्याची शक्यता मोठी आहे आणि कुलवृत्तांतात ते तपासल्याशिवाय उतरवू नये. मृत्यूची तारीख आणि ठिकाण त्यामानाने भरवशाचे.

नोंद सापडली नाही, तर कॅलिफोर्नियात तसे प्रमाणपत्र मिळते आणि फी परत येत नाही. ते प्रमाणपत्र टाकून देऊ नये, कारण एक काउंटी आणि वर्षांची एक कक्षा वगळता आल्याचा तो लेखी पुरावा असतो. त्यानंतर शेजारच्या काउंटीकडे वळावे, त्या गावच्या वर्तमानपत्रातील निधनवार्ता सार्वजनिक ग्रंथालयात पाहावी आणि दहनाची व्यवस्था करणाऱ्या फ्युनरल होमला पत्र लिहावे. आपल्यात दहन होत असल्याने थडग्याचा दगड सहसा नसतो, आणि अशा वेळी गावातील जुन्या फ्युनरल होमच्या वहीत मृत्यूचे ठिकाण, तारीख आणि अस्थी कोणी नेल्या हे लिहिलेले मिळू शकते.