नोजबँड आवळण्याआधी दोन बोटं घाला

घोड्यावर बसण्याआधी तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) तपासायची सवय सगळ्यांना असते, नोजबँडकडे, म्हणजे घोड्याच्या नाकावरून जबड्याभोवती बांधायच्या पट्ट्याकडे, मात्र फारसं कुणी बघत नाही. बकल लावलं की आपली दोन बोटं शेजारी-शेजारी धरून पट्ट्याखाली सरकवा. ती नाकाच्या हाडावर, म्हणजे समोरच्या बाजूला जायला हवीत. गालाच्या बाजूने घातली तर पट्टा कितीही आवळलेला असला तरी बोटं शिरतात आणि आपण स्वतःचीच समजूत घालतो. लहान मुलाची बोटं इथे चालायची नाहीत, माप मोठ्या माणसाचं.

घोडा तोंड उघडतो म्हणून पट्टा आणखी एक भोक आवळायचा, हा सल्ला तबेल्यात हमखास मिळतो. त्याने तोंड मिटतं, त्रास तसाच राहतो. आधी दात बघा: दाढांच्या कडा धारदार होऊन गाल आणि जीभ सोलतात, म्हणून वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून तपासून घ्या. मग लगामाची तोंडातली कडी, आणि शेवटी (हे कुणाला आवडत नाही) लगाम धरणारे स्वतःचे हात.

रपेट झाल्यावर पट्टा काढून त्या जागेवरून हात फिरवा. केस झडलेले, पांढरे झालेले किंवा हाडावर खळगा लागत असेल, तर तो पट्टा बऱ्याच दिवसांपासून घट्ट असण्याची शक्यता आहे.